म्हशाच्या बाजारातील वेगाचा बैल

मुंबई शहरात मोटार प्रथम अवतरली ती 1898 साली. तिच्या पूर्वी आणि तिच्यानंतरही कित्येक वर्षे, कल्याणच्या पलीकडील मुरबाड-शहापूरच्या डोंगराळ मुलखात हौसेचे वाहन म्हणून ज्याचे नाव घेतले जाई, ते चार चाकांचे नव्हतेच. दोन चाकांचा हलका छकडा आणि त्यास जुंपलेली वेगवान बैलांची जोडी, हेच तेथील तरुण शेतकऱ्याचे स्वप्न असे. छकडा गावचा सुतार करून देतो. त्याची चिंता कोणी फारशी वाहत नाही. चिंता असते ती बैलाची. घरातील पहिला शर्यतीचा बैल निवडणे हा त्या मुलखात कुलदैवताच्या नवसाइतकाच गंभीर प्रसंग मानला जातो, आणि तो प्रसंग पुष्कळदा घडतो म्हशाच्या यात्रेत.

म्हसा हे गाव मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेले आहे. तेथे म्हसोबाचे, म्हणजे खांबलिंगेश्वराचे, स्थान असून पौष पौर्णिमेस त्याची यात्रा भरते. अंगात गळ टोचून नवस फेडण्याच्या प्रथेमुळे या यात्रेचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु शेतकऱ्याच्या लेखी तिचे खरे महत्त्व बैलबाजारातच आहे. यात्रेचा मुहूर्तही मोठा मार्मिक आहे. भाताची झोडणी आटोपलेली असते, हाती थोडाबहुत पैसा खुळखुळत असतो, ओढे आटून वाटा कोरड्या पडलेल्या असतात, आणि पावसाळ्याची कामे अद्याप पाच महिने दूर असतात. हौस करावयास याहून अनुकूल समय वर्षात दुसरा नाही.

या मुलखास बैलांची वर्दळ काही नवी नव्हे. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारा नाणेघाट याच तालुक्यातून वर चढतो. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणेत हजारो गाई दिल्याची नोंद आढळते. दोन सहस्र वर्षांपूर्वी संपत्तीचे मोजमाप गुरांनी होत असे, हे त्यावरून उघड दिसते. देशावरून कोकणात उतरणाऱ्या मालाची ने-आण पाठीवर गोणी लादलेल्या बैलांनीच केली. देशावरचा बैल विकत घेऊन कोकणात उतरविणे ही प्रथा त्या वाहतुकीइतकीच जुनी असावी, असे मानण्यास हरकत नाही.

नवख्या शेतकऱ्याची पहिली अडचण येथेच सुरू होते. त्याच्या घरी दावणीला जो बैल उभा असतो तो बहुधा डांगी जातीचा, किंवा त्या रक्ताचा. इगतपुरी, अकोले, शहापूर आणि डांग या अतिपावसाच्या पट्ट्यात ही जात घडली. तिच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे आषाढातील संततधार तिच्या अंगावरून निथळून जाते. खूर काळे आणि कठीण असतात. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात दिवस दिवस चिखलणी करावी ती डांगी बैलानेच. परंतु तो धावत नाही. त्याची चाल संथ, आणि पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचे त्याचे रूपही यात्रेत कोणाची मान वळविणारे नव्हे.

मान वळते ती खिल्लाराकडे. सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या कोरड्या माणदेशी पट्ट्यातील हा बैल. शुभ्र किंवा किंचित करडा वर्ण, अंगाला घट्ट चिकटलेली कातडी, मागे झुकून वर गेलेली लांब अणकुचीदार शिंगे, आणि उभा राहिला तरी निघण्याच्या तयारीत असल्यासारखा भासणारा बांधा. पशुशास्त्रज्ञ त्याचा संबंध म्हैसूरकडील हळ्ळीकार जातीशी जोडतात. त्याच कुळातील अमृतमहाल बैल हैदर आणि टिपू यांच्या सैन्यात तोफा व सामान ओढीत असत, आणि 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ते इंग्रजांच्या हाती गेले. आज शर्यतीच्या धावपट्टीवर ज्या वेगाचे कौतुक होते, त्याचे एक मूळ असे रणांगणावरील निकडीत आहे.

म्हणजे मुरबाडच्या शेतकऱ्यास खिल्लार हा एका अर्थी परदेशी पाहुणाच होय. जोंधळ्याच्या कडब्यावर वाढलेल्या या प्राण्यास येथे भाताचा पेंढा मिळावयाचा. कोरड्या माळावर टणक राहिलेल्या त्याच्या खुरांना चार महिने ओल सोसावयाची. गोठ्याची जमीन उंच व कोरडी हवी, माश्या-गोचिडांचा बंदोबस्त हवा, खुराक वेगळा हवा. चिखलणीस त्याला जुंपणे म्हणजे त्याच्या पायांचा नाश करणे. सारांश, हा बैल घराला मिळवून देत नाही, घराकडून घेतो. अनुभवी म्हातारे नवख्याला म्हणून पहिला प्रश्न विचारतात तो बैलाविषयी नसतोच. ‘तुझ्या दावणीला नांगराची जोडी आहे ना?’ असे ते विचारतात. नसेल, तर त्याने बाजारात हिंडावे, पाहावे आणि रिकाम्या हातांनी घरी जावे, असा त्यांचा सल्ला असतो. तो ऐकणारे तरुण थोडे.

परीक्षेचा आरंभ जबड्यापासून होतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे आठ दात हाच त्याचा जन्माचा दाखला. दुधाचे दात पडले नाहीत तोवर तो ‘आदत’. सुमारे दोन वर्षांचा झाला की मधले दोन पक्के दात येतात आणि तो ‘दुसा’ होतो, पुढे ‘चौसा’, आणि चार-साडेचार वर्षांच्या सुमारास आठही दात येऊन तो जुळतो. शर्यतीचे गट याच नावांनी लावले जातात, त्यामुळे एका दाताच्या फरकाने बैलाचा गट आणि किंमत दोन्ही पालटतात. नवखा मनुष्य बहुधा जुळलेल्या, नाव कमावलेल्या बैलावर भाळतो. तो दिसावयास भव्य असतो, त्याच्या जिंकलेल्या शर्यतींच्या कथा हेडी रंगवून सांगतो. परंतु विकणारा तो का विकतो आहे, हा विचार त्या क्षणी सुचत नाही. जाणता गिऱ्हाईक आदत खोंड घेतो. त्यात फसण्याचा धोका आहेच. मात्र खोंडाच्या खोडी अद्याप दुसऱ्या कोणी लावलेल्या नसतात.

नंतर चाल. उभ्या बैलाची पारख ही निम्मी पारख. त्याला मोकळ्या जागी चालवून मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या खुणेवर किंवा तिच्या पुढे पडते की नाही, हे पाहावयाचे. खांद्यावर जुवाचा जुना घट्टा किंवा जखम आहे का, कोणत्या बाजूने जुंपण्याची सवय आहे, गर्दीत बुजतो का, हेही पाहावयाचे. डाव्या बाजूच्या दोन उत्तम बैलांची जोडी होत नाही, हे पैसे मोजून झाल्यावर ज्याच्या ध्यानात आले, त्याची थट्टा गावात वर्षभर पुरते. अंगावरील भोवऱ्यांचे शुभाशुभ फळ सांगणारे शास्त्रही बाजारात चालते. त्याचा धावण्याशी काही संबंध असल्याचे दिसत नाही. किंमत पाडण्याशी मात्र निश्चित आहे.

किंमत ठरते ती उपरण्याखाली. दोन हात झाकले जातात, बोटे दाबली जातात, आणि भोवतालच्या शेकडो माणसांना आकडा कळत नाही.

या साऱ्या व्यवहारावर एकविसाव्या शतकात जे संकट आले ते कायद्याचे. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या पंक्तीस बैलालाही बसविले. या प्राण्यांना खेळासाठी शिकवून प्रदर्शनास आणण्यास मनाई झाली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना धावण्यासाठी घडलेली नाही, हा त्या निर्णयातील एक मुख्य विचार होता. चाबूक, टोचणी आणि शेपटी पिरगाळणे यांविषयी जे आक्षेप घेतले गेले, ते खोटे होते असे शर्यतीचा प्रामाणिक शौकीनही म्हणू शकणार नाही. 2017 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, परंतु त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास स्थगिती दिली. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना अटींसह मोकळीक दिली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. आता जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. अटींचा भंग झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

न्यायालयात साडेसात वर्षे हा कालावधी मोठा नाही. बैलाच्या जबड्यात तो फार मोठा आहे. ज्या शेतकऱ्याने 2014 च्या पौषात म्हशाहून आदत खोंड आणला, त्याच्या खोंडाचा दुसा, चौसा आणि जुळण्याचा असा सारा काळ दावणीला उभ्या उभ्या गेला. बंदी उठली तेव्हा तो बैल नऊ वर्षांच्या घरात पोचलेला होता. त्याला चिखलणीस जुंपता येत नव्हते, शर्यतीस उतरविता येत नव्हते, आणि विकावयास काढला तर गिऱ्हाईक नव्हते. नांगराचे काम तोवर पॉवर टिलरने उचललेले होते. कित्येकांनी खोंड घेणेच थांबविले. ज्यांनी अशा काळातही दावण रिकामी होऊ दिली नाही, त्यांना व्यवहार कळत नव्हता असे म्हणता येईल. तथापि बंदी उठल्यावर लोक खोंडाच्या शोधात निघाले ते त्यांच्याच दारी.

त्यानंतर 2022 साली लंपी त्वचारोगाची साथ आली आणि राज्यातील जनावरांचे बाजार काही काळ पुन्हा बंद ठेवावे लागले. साथ ओसरल्यावर शर्यतींना जोर चढला. आता मोठ्या शर्यतींत पहिल्या बक्षिसाला मोटार ठेवण्याची चाल पडली आहे. ती जिंकणारा मालक मोटार घरी चालवीत नेतो, आणि बैल टेम्पोत उभा राहून तिच्या मागून येतो.