सटवीचा कागद आणि आईची चिकटवही

‘स्क्रॅपबुक’साठी मराठीत ‘चिकटवही’ हा चांगला शब्द आहे आणि तो आपल्याला शाळेतच भेटतो. वाळलेली पाने, पक्ष्यांची चित्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे यांच्यासाठी केलेली ती वही वर्ष संपले की रद्दीत जात असे. अलीकडे या शब्दाला अधिक गंभीर अर्थ आला आहे. पहिले मूल झालेले आईबाप बाळाचे जावळ, इस्पितळातील मनगटपट्टी, बारशाची पत्रिका, तळव्यांचे ठसे असा सारा ऐवज एका वहीत चिकटवतात आणि ती वही जपून ठेवतात. गेल्या वर्षी मुलगी झाली तेव्हा माझ्याही घरी अशी वही आली. तिच्या पहिल्याच पानावर वंशवृक्ष छापलेला होता. तो भरण्यासाठी मालवणजवळच्या आमच्या घरी मी आजीसमोर बसले. प्रस्तुत लेखाचा उगम त्या बैठकीत आहे.

ही सारी अमेरिकी हौस आहे, असे एक मत सहज ऐकू येते. ते निराधार नाही. पानांवर आधीच गोंद लावलेल्या चिकटवहीचे पेटंट मार्क ट्वेनने १८७३ मध्ये घेतले होते. आजच्या कौटुंबिक चिकटवहीची लाट यूटा राज्यातली. तिथल्या मेरिलीन क्रिस्टेन्सन यांनी १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतील एका जागतिक परिषदेत आपल्या घरच्या वह्या मांडल्या, तिथपासून तिचा आरंभ मोजतात. परंतु मला त्याहून लक्षणीय वाटतात ती दोन इंग्रजी नावे. चार्ल्स डार्विनने थोरल्या मुलाच्या बाळपणी केलेली टिपणे सदतीस वर्षांनी बाहेर काढून १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. आणि फ्रान्सिस गाल्टनने १८८४ मध्ये ‘लाइफ हिस्टरी आल्बम’ प्रसिद्ध केला. त्यात मुलाची उंची, वजन, आजार, छायाचित्रे यांसाठी जागा राखलेल्या होत्या. ‘युजेनिक्स’ हा शब्द त्याच गाल्टनने आदल्या वर्षी घडवला होता. बाळाच्या गोंडस वहीच्या पूर्वजांत वंशशुद्धीचा हिशोब ठेवणारा एक गृहस्थ बसला आहे, हे दुकानातली वही सांगत नाही. त्या पहिल्या पानावरचा वंशवृक्ष मात्र सांगतो.

आपल्याकडे बाळाच्या नावाने मांडलेला पहिला कागद कोरा असतो. पाचवीला, काही घरी सहावीला, बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा पुजतात आणि त्यापाशी कोरा कागद व लेखणी ठेवतात. रात्री सटवी येते आणि मुलाचे भविष्य लिहून जाते, अशी श्रद्धा. ‘पाचवीला पुजणे’ हा वाक्प्रचार तिथूनच भाषेत आला; आणि तो आपण दारिद्र्य, कष्ट, अडचणी यांच्यासाठीच वापरतो, सुखासाठी नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सकाळी कागद कोराच असतो. लेख झाला आहे, पण तो वाचता येत नाही. लिहिणारी देवता स्त्री, खोलीतल्या साऱ्या स्त्रिया, जवळ लेखणी आहे, आणि तरीही त्या खोलीतल्या एकीनेही त्या कागदावर अक्षर उमटवायचे नाही! कोणी म्हणेल, विधीचा अर्थ इतका ताणू नये. मान्य आहे. पण शतकानुशतके बाळंतिणीच्या उशाशी लेखणी होती आणि तिचे स्वतःचे टिपण मात्र नव्हते, ही वस्तुस्थिती ताणून आलेली नाही.

अक्षर उमटे ते खोलीच्या बाहेर. जोशीबुवा जन्मटिपण करीत. त्यात घटी-पळे, नक्षत्र, चरण, रास, गण, नाडी हे सारे सापडे. मूल किती वजनाचे, कोणासारखे दिसणारे, आईला किती वेळ कळा आल्या, यांतले काही नसे. टिपण आकाशाचे होते, मूल निमित्तमात्र. त्यानंतर मूल लेखी दिसे ते तीर्थक्षेत्री. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान स्वतःचे, वाडवडिलांचे आणि मुलांचे नाव गावासह नोंदवून ठेवी आणि पुढच्या पिढीला ते तिथे वाचायला मिळे. कोल्हापूर-बेळगाव भागांत हेळवी दारी येत. घराण्याची वंशावळ म्हणून दाखवीत, नव्या जन्मांची भर घालीत आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जात. दुसऱ्याच्या घरातील जन्म लिहून ठेवणे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, असे हे लोक; त्यांच्याकडे मराठी अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते.

विसाव्या शतकात या साऱ्याचे छापील रूप म्हणजे कुलवृत्तांत. मूळपुरुष, गोत्र, कुलदैवत, स्थलांतर, शाखा, आणि मग क्रमांक दिलेल्या व्यक्ती. ही परंपरा मुख्यतः लेखणी हाती असलेल्या घराण्यांची. मालवण किनाऱ्यावरच्या कष्टकरी घरांची वंशस्मृती पुस्तकात नव्हे, तर बोलण्यात राहिली: देवळात घातलेल्या गाऱ्हाण्यात, ‘व्हय महाराजा’च्या प्रतिसादात, जमिनीच्या वादात. कुलवृत्तांतांना नावे ठेवणे सोपे आहे. मी त्यांचा पुष्कळ उपयोग केला आहे आणि त्यांच्या संपादकांच्या चिकाटीपुढे नतमस्तक आहे. तथापि त्यांची रचना नीट पाहावी. क्रमांक पुरुषाला, पत्नी त्याच्या नोंदीत माहेरच्या नावासह एका ओळीत, मुली लग्न होऊन दुसऱ्या कुलवृत्तांतात गेलेल्या. आणि लहानपणी गेलेली मुले ‘अल्पवयात निवर्तली’ एवढ्या शब्दांत, तेही कोणी कळवले असेल तर.

कोकणात याला आणखी एक कारण मिळते, ते हवेचे. चार महिन्यांच्या पावसात कागदाला बुरशी धरते, उरलेले वाळवी आणि कसर खाते. शिवाय कुटुंबच दोन ठिकाणी. बाप मुंबईत गिरणीत किंवा गोदीत, आई गावी किंवा माहेरी बाळंतपणाला. मूल झाल्याची वार्ता पोस्टकार्डाने जाई, आणि बापाला मुलाचे तोंड दिसे ते गणपतीला किंवा शिमग्याला. चाकरमान्याच्या घरातील खरी चिकटवही म्हणजे कार्डे टोचून ठेवण्याची ती तारेची आकडी, आणि मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा, ज्यावर पैशांबरोबर चार शब्द लिहिता येत. या दफ्तरालाही एक नियम होता. शुभ वार्तेच्या पत्राला हळदकुंकू लागे आणि ते आकडीला जाई. अशुभ वार्तेचे पत्र वाचून लगेच फाडायचे, घरात ठेवायचे नाही. म्हणजे आज जुन्या घरात एखाद्या अभ्यासकाला कार्डांचा गठ्ठा मिळालाच, तर त्यात जन्म सापडतील, मृत्यू सापडणार नाहीत. साधनांची निवड अशी वाचणाऱ्याच्या हातांनी आधीच झालेली असते.

तारखांची गोष्ट तर अधिक मजेची. माझ्या वडिलांची शाळेतील जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या वर्गातील निम्म्या मुलांची तीच होती. नाव घालायला आलेल्या मुलाचा जन्मदिवस कोणाला सांगता येत नसे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होई. तेव्हा गुरुजींनी १ जून लिहून सहा वर्षे पुरी करून टाकावीत, हा महाराष्ट्रभरचा प्रघात. आजी म्हणते, ते नारळी पौर्णिमेच्या मागेपुढे झाले. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर त्या दिवसापासून जन्मलेल्यांना शाळा, परवाना, पारपत्र अशा कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. माझ्या मुलीची तारीख चुकणे आता शक्यच नाही. नारळी पौर्णिमा मात्र तिच्या दाखल्यात मावणार नाही.

मग त्या खोलीतल्या स्त्रियांनी काहीच नोंदवले नाही काय? नोंदवले, पण ज्याला आपण नोंद म्हणत नाही अशा रूपांत. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. तान्ह्या बाळाच्या ओव्या वाचताना असे दिसते की पुष्कळदा बाळाच्या नावाची जागा मोकळी असते. दळणारीने आपल्या मुलाचे नाव तिथे घालायचे. दुकानातल्या वहीतही हेच आहे: छापलेला मजकूर आणि नावापुरती टिंबांची रेघ. ओवीतील नाव मात्र दळण संपले की पुसले जाई आणि ओवी पुढच्या घरी जाई.

गोधडीचेही तसेच. आजीचे जुने लुगडे, आजोबांचे धोतर, आत्याच्या परकराचा काठ, असे थर घालून बाळासाठी गोधडी शिवतात. मऊ झालेले कापड बाळाला बोचत नाही, हे व्यावहारिक कारण. पण तुकडा कोणाचा, हे शिवणारी जाणते आणि सांगते. कुटुंबाचे तुकडे एकत्र जोडण्याची याहून शब्दशः चिकटवही कोणती? ती वापरून विटते आणि पुढे पायपुसणे होते. जपून ठेवणे हा तिचा हेतूच नव्हे. इतिहासकाराला साधने लागतात आणि ही साधने झिजण्यासाठीच केलेली असतात. येथे आपली साधनचिकित्सा तोकडी पडते.

स्त्रीने लिहायला घेतले तेव्हाही प्रथम ते दुसऱ्या कोणासाठी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली. मुलगा देवदत्त यांना रेव्हरंड टिळकांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी आईने आठवणी द्याव्यात, ही त्या लेखनाची सुरुवात. बापाच्या चरित्राचा कच्चा माल म्हणून आईच्या आठवणी मागवल्या गेल्या आणि त्यांचेच मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र झाले. हे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. पण मागणी आली नसती तर?

आजीने वहीकडे पाहिले आणि विचारले, ‘‘कागद कित्याक व्हयो? माका सगळा आठवता.’’ मग तिने सांगायला सुरुवात केली. वंशवृक्षात तिच्या नावाखाली चार चौकटी मी आधीच भरल्या होत्या: थोरले काका, आत्या, माझे वडील, धाकटे काका. ती बाळाच्या चांदीच्या वाळ्यांविषयी सांगत होती. ते कोणी केले, कोणाला घातले. ‘‘पयले झिलाक, मगे चेडवाक, मगे त्या दुसऱ्या चेडवाक,’’ असे ती म्हणाली आणि पुढे माझ्या वडिलांवर आली. मी थांबवले. दुसरी मुलगी कोण? आत्या तर एकच.

ती आत्याच्या पाठची. बारशापर्यंत पोचली नाही. माझ्या वडिलांनाही हे ठाऊक नव्हते, आणि ते आता साठीच्या पुढे आहेत. मी हिशोब केला तेव्हा लक्षात आले की ती कुठेच असण्याची शक्यता नव्हती. नाव ठेवले नव्हते, म्हणून नोंदीला नाव नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याचे श्राद्ध नाही, म्हणून तिथी लक्षात ठेवण्याचे कारण नाही. मुंबईला कार्ड गेले असेल तर ते वाचून फाडले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात हजारी दोनशेच्या घरात अर्भके दगावत. आजीच्या काळापर्यंत तो आकडा उतरला होता, तरी अशी घरे विरळा नव्हती. आनंदीबाई जोशींचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले, हे आपल्याला कळते ते त्या डॉक्टर झाल्या म्हणून.

मालवणला येणारा प्रत्येक पाहुणा होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातो आणि तिथे घुमटीत जपलेले, शिवाजी महाराजांचे म्हणून दाखवले जाणारे हाताचे आणि पायाचे चुन्यातील ठसे पाहतो. बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालेल्या त्या किल्ल्याच्या तटांना लाटांनी पुष्कळ झिजवले. ठशांवर मात्र छप्पर आहे. आमच्या वहीतही मुलीच्या तळव्यांचे ठसे एका पानावर आहेत, निळ्या शाईचे, थोडे फिसकटलेले. आजीने त्यांवर बोट ठेवून पाहिले आणि एवढेच विचारले की शाईने बाळाला काही होत तर नाही ना.

वंशवृक्षात पाचवी चौकट नव्हती. छापणाऱ्याने प्रत्येक जोडप्याला चारच दिल्या होत्या. मी कागदाची पट्टी कापून आत्या आणि वडील यांच्यामध्ये चिकटवली, आणि नावाच्या जागी काय लिहावे ते आजीलाच विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पावसाचे दिवस होते, आगोट नुकतीच भरून झाली होती, ते लिही. ते लिहिले. वाळे वहीत बसत नाहीत. ते तिने माझ्या मुलीच्या पायांत घातले आणि जरा सैल होतात म्हणून पुन्हा काढून घेतले.