तळटीप : जनरल वेलस्ली

१. जनरल वेलस्ली : आर्थर वेलस्ली (१७६९–१८५२), पुढे वेलिंग्टनचा पहिला ड्यूक. आयर्लंडमधल्या उमराव घराण्यात, मॉर्निंग्टनच्या अर्लच्या पोटी जन्म. धाकट्या मुलाला जहागीर नाही, म्हणून लष्कर. त्या काळी अधिकारपदे विकत मिळत. थोरल्या भावाच्या पैशावर तो १७९३ साली ३३व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. हाच थोरला भाऊ रिचर्ड १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. आर्थरच्या बढतीमागे भावाचे पाठबळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत जे घडले ते त्याच्या स्वतःच्या नजरेचे फळ होते. केळणा नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसताच त्याने ताडले, की लोकांची ये-जा असणार, म्हणजे उतारही असणार. उतार खरोखरच निघाला. तरीही शिंद्यांच्या तोफखान्याने त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मारली वा जायबंदी केली. गोलंदाज तोफांपाशीच पडले. काही मेल्याचे सोंग घेऊन राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच त्यांच्या पाठीवर मारा सुरू केला. वॉटर्लूच्या (१८१५) विजेत्याने म्हातारपणीही आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून असईचेच नाव घेतले. पुढे तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. या पुस्तकात नुसते ‘वेलस्ली’ आले की वाचकांनी आर्थर समजावा. रिचर्डचा उल्लेख सर्वत्र ‘गव्हर्नर जनरल’ असा केला आहे. – संपादक