रेस देण्याची कुळकथा

पश्चिम द्रुतगती महामार्गावर, आकुर्ली मेट्रो स्थानकाच्या सावलीत, सायंकाळी सातच्या सुमारास, जेव्हा बोरिवलीकडे निघालेला वाहनांचा लोंढा बैलगाडीलाही आपल्या गतीचा अभिमान वाटावा इतका मंदावलेला असतो, अशा वेळी एखाद्या उंच, धिप्पाड एसयूव्हीच्या चालकाने गिअरच्या दांड्याजवळची चकती फिरवावी, समोरच्या फलकावर तांबडा रंग चढून ‘स्पोर्ट’ ही अक्षरे उमटावीत, इंजिनाने एकदम घोगरा आवाज काढावा आणि या सर्व पराक्रमाची फलश्रुती म्हणून पुढच्या रिक्षापर्यंतची दहा हात मोकळी जागा काबीज व्हावी, हा प्रसंग उपनगरात राहणाऱ्याला अपरिचित नाही. त्याला हसणे सोपे आहे. परंतु त्या चकतीचे कुळ शोधू लागल्यावर मला असे आढळले, की ते जेथे असावे असे वाटते तेथे, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, सापडत नाही.

प्रथम शब्दाचाच घोटाळा आहे. इंग्रजीतील ‘स्पोर्ट’ हा जुन्या फ्रेंच ‘देस्पोर्त’चा अपभ्रंश, कामाच्या रगाड्यातून मनाला दूर नेणे, रमवणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ, म्हणजे आपल्या ‘क्रीडा’पेक्षा ‘लीले’ला अधिक जवळचा. एसयूव्ही या नावात जो ‘स्पोर्ट’ दडला आहे तो शिकार, मासेमारी, रानातला मुक्काम अशा उघड्यावरच्या विरंगुळ्याचा. चकतीवरचा ‘स्पोर्ट’ मात्र जमिनीला पोट घासत धावणाऱ्या बुटक्या मोटारींकडून घेतलेला. एकाच गाडीत एकाच शब्दाचे हे दोन अर्थ सुखाने नांदतात आणि त्यांचे परस्परांशी काडीचेही नाते नाही. ‘स्पोर्ट’च्या मागे लागणाऱ्या ‘मोड’विषयी तर बोलूच नये; मराठी माणसाला मोड म्हटले की मटकी आठवते, किंवा वाण्याकडची सुट्टी नाणी.

पहिल्या अर्थाचे आपल्याकडचे घराणे मुंबईतलेच. विलिस जीपचे सुटे भाग आणून महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावात त्या जोडावयास आरंभ केला, आणि पुढे कांदिवलीचा आकुर्ली रस्ता व या कंपनीचे नाव यांची अशी सांगड बसली, की त्या बाजूच्या जुन्या रहिवाशाला पत्ता सांगताना आजही महिंद्राचा उल्लेख करावा लागतो. त्या जीपमध्ये मुख्य गिअरखेरीज आणखी दोन आखूड दांडे असत: एकाने पुढच्या चाकांना जोर मिळे, दुसऱ्याने सर्व गिअर खालच्या पट्टीत उतरत. चिखल लागला की दांडा ओढायचा, डांबर लागले की परत ढकलायचा. वाहनाने कोणत्या वृत्तीने चालावे हे चालकाने आधी ठरवून सांगण्याची रीत ती हीच. मात्र येथे निवड गरजेची होती, हौसेची नव्हती.

हौसेला जीपमध्ये वेगळ्या दांड्याची आवश्यकताच नव्हती, कारण पाय आणि इंजिन यांच्यात कोणी तिऱ्हाईत नव्हता. त्या काळच्या अनेक मोटारींत ॲक्सिलरेटर दाबला की पोलादी तार ताणली जाई, कार्ब्युरेटरची झडप तेवढीच उघडे, आणि इंजिनाला चालकाची इच्छा जशीच्या तशी पोचे. आपल्या भाषेने याची नोंद फार पूर्वी घेतली आहे. आपण ‘ॲक्सिलरेटर दाब’ असे म्हणत नाही. ‘रेस दे’ असे म्हणतो. ज्याला शर्यत ठाऊक नाही, असा टेंपोचालकही दिवसातून शंभरदा रेस देतो.

पुढे ती तार कापली गेली आणि पाय व इंजिन यांच्यामध्ये एक कारकून, म्हणजे छोटा संगणक, येऊन बसला. पाय आता हुकूम देत नाही, अर्ज करतो. हा विद्युत्-शिरस्तेदार तो अर्ज वाचतो, इंधनाची बचत, धुराचे निर्बंध, गिअरपेटीची प्रकृती असे सर्व दप्तर चाळतो, आणि मग योग्य वाटेल तेवढी मंजुरी देतो. त्याचा प्रवेश मागच्या दाराने, गिअरपेटीतून झाला. टोयोटाच्या १९८० च्या दशकाच्या प्रारंभीच्या विद्युत्-नियंत्रित स्वयंचलित गिअरपेट्यांना ‘पॉवर’ नावाचे बटण होते. त्याच दशकात झेडएफ या जर्मन कंपनीच्या, बीएमडब्ल्यूत बसवलेल्या पेटीला ‘ई’ म्हणजे काटकसर आणि ‘एस’ म्हणजे स्पोर्ट अशी निवड आली. १९८७ मध्ये बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरच्या ७५० मोटारीत ॲक्सिलरेटरच तारेऐवजी विजेवर गेला. १९८९ च्या सित्रोएन एक्सएममध्ये तेल व वायूवर तरंगणारे सस्पेन्शन एका स्पोर्ट-बटणाने कडक होऊ लागले. आणि १९९८ च्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये असे एक बटण आले, की ते दाबताच ॲक्सिलरेटर तिखट आणि सुकाणू जड होई.

म्हणजे स्पोर्टने इंजिनाच्या अंगी सहसा नवे बळ येत नाही. बहुधा एवढेच होते, की कारकुनाला ताकीद मिळते: अर्ज फार चिकित्सेने वाचू नको, पाव दाबले तर अर्धे समज, खालचा गिअर लवकर सोडू नको. तारेने जे फुकट मिळत होते, त्याचाच काही अंश आपण आता जादा किमतीला परत विकत घेतो.

महाराष्ट्रात ही चाल टाटांच्या २०१४ च्या झेस्टने सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली: इको, सिटी, स्पोर्ट. रांजणगावच्या नेक्सॉनने २०१७ मध्ये आणि पिंपरीच्या हॅरिअरने २०१९ मध्ये तीच त्रयी एसयूव्हीत नेली. आणि ज्यांनी जीपचे दांडे घडवले त्या महिंद्रांनी २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० च्या डिझेल आवृत्तीत तिला झिप, झॅप, झूम अशी बालगीताला शोभणारी नावे दिली.

मुलुंडहून पूर्व द्रुतगती महामार्गाने ठाणे ओलांडून नाशिकच्या रोखाने जाणाऱ्याला कसारा घाटात, मालमोटारीला मागे टाकण्यापूर्वी, या चकतीचा खरा उपयोग कळतो. गिअर आधीच खाली आलेला असतो आणि पाय टेकताच पिकअप मिळतो. घाटकोपरच्या सिग्नलवर मात्र तोच तिखटपणा मागच्या आसनावरच्या वृद्ध मातोश्रींच्या मानेला हिसका देतो आणि टाकीतल्या डिझेलला गळती लावतो. अंधेरीत ज्यांना रोज गाडी हाकावी लागते, ते अनुभवी चालक तेथे चकतीकडे पाहतही नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो: ‘ॲव्हरेज किती देते?’ बऱ्याच गाड्यांत तर इंजिन बंद केले की कारकून ती ताकीदच विसरतो. रात्री घाटातून गर्जत आलेली गाडी सकाळी सोसायटीच्या फाटकातून सिटी मोडमध्येच बाहेर पडते, आणि भिंतीचा अंदाज देणारा वॉचमन मागून ओरडतो, ‘थोडी रेस द्या, साहेब.’