चुकलेली खोबण



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि वंशावळी आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. आज मी आपल्यापुढे मांडणार आहे तो इतिहास एका चुकीचा आहे, आणि तीही सुताराच्या हातून होणाऱ्या चुकीचा. वाद्यासाठी लाकूड कोरताना खोबण भलत्याच जागी पडली, अगर प्रमाणाबाहेर खोल गेली, तर पुढे काय करायचे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु मिरजेचा तंबोरा आणि अमेरिकेतील विजेची गिटार, ही ज्यांचे एकमेकांशी काडीचेही नाते नाही अशी दोन वाद्ये, याच प्रश्नाच्या उंबरठ्यावर एकत्र येतात.

प्रथम मिरजेकडे पाहू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तलवारीला धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा बसत चालला. मिरजेस पटवर्धनांचे संस्थान होते. तेथे गवयांचा राबता होता आणि गवयांबरोबर त्यांची वाद्येही येत. प्रवासात एखादे वाद्य मोडले, तर ते घडविणाऱ्याकडे परत धाडणे त्या काळी दुरापास्तच. परंपरा असे सांगते की, अशी मोडकी वाद्ये हत्यारांवर हात बसलेल्या फरीदसाहेब शिकलगारांकडे आली. ती दुरुस्त करता करता त्यांना वाद्याची घडण उमगली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेत नवे तंबोरे होऊ लागले. शिकलगारांचे सतारमेकर झाले. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस वास्तव्य केले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. असा चोखंदळ कान शेजारी असल्यावर कारागिराचा हात सुधारला नसता तरच नवल! २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गौरवाचे मूळ मोडके वाद्य सांधण्यात आहे, हे मात्र आपण विसरतो.

आता सातासमुद्रापलीकडे जाऊ. गिटारच्या पोकळ पोटाचा नाजूक आवाज मोठ्या वाद्यमेळात बुडून जाई. म्हणून १९३०च्या दशकात तिच्या तारांखाली चुंबक आणि तारेची वेटोळी बसवून तिचा नाद विजेने वाढविण्यात आला. परंतु वाढविलेला आवाज परत त्या पोकळ पोटात शिरे आणि कर्कश शीळ उठे. यावर एक उपाय होता, पोट भरीव करणे. असा भरीव लाकडाचा नमुना १९५० साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी बाजारात आणला. हे गृहस्थ कोण? गवई नव्हेत, वादकही नव्हेत. रेडिओ दुरुस्त करण्याचे दुकान चालविणारे! त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. गिटारची मान त्यांनी चार स्क्रूंनी जोडली. बिघडली तर काढावी, दुसरी लावावी. ही दुरुस्ती करणाऱ्याचीच बुद्धी नव्हे काय? एकीकडे हत्यारांचा शिकलगार, दुसरीकडे रेडिओचा मिस्त्री. दोघांचीही निर्मिती दुरुस्तीच्या बाकावरून उठली.

भरीव गिटारीत चुंबकांसाठी, विजेच्या कळांसाठी आणि मानेसाठी खोबणी कोराव्या लागतात. हे काम राउटर नावाच्या, वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या यंत्राने साच्याच्या आधारे होते. साचा केसभर सरकला, अगर पाते एका दमात खोल घातले, की लाकडाचा ढलपा उडतो. पटाशी चुकली तर हात थांबतो. यंत्र चुकले तर हात थांबेपर्यंत खोबण होऊन गेलेली असते. म्हणून जाणता कारागीर आधी गिरमिटाने बरेचसे लाकूड काढून घेतो, साचा पक्का आवळतो आणि पाते थोडे थोडे, अनेक फेऱ्यांत उतरवतो.

तरीही चूक होतेच. अशा वेळी नवशिका भुसा आणि सरस कालवून खड्डा बुजवतो. वरून रंग चढला की त्याला वाटते, झाकले गेले. परंतु या लगद्यात स्क्रू धरत नाही. आणि वर्षा-दोन वर्षांत लाकूड फुगते-आक्रसते, तशी रंगावर रेघ उमटते. जाणत्याची रीत उलटी. तो वेडावाकडा खड्डा प्रथम आणखी कोरतो, त्याच्या कडा सरळ करतो. चूक सुधारण्यासाठी ती आधी मोठी आणि स्वच्छ करावी लागते! मग त्याच जातीच्या, जमल्यास त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून ठोकळा कापतो. त्याच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांशी समांतर धरतो, म्हणजे दोन्ही लाकडे एकाच दिशेने फुगतील आणि आक्रसतील. ठोकळा घट्ट बसेल असा घासून, सरस लावून तो बसवतो, किंचित वर ठेवतो, वाळल्यावर रंध्याने सपाट करतो आणि मगच नवी खोबण पाडतो. मानेची खोबण सैल झाली, तर तिच्या भिंतीला पातळ पट्टी चिकटवून ती पुन्हा तासतो. कारण मान हलली की सूर हलला.

तंबोऱ्यात असे काय असते? तुणाच्या लाकडाची तबली जास्त तासली गेली, तर गेलेली जाडी परत येत नाही. जवारीचे मात्र निराळे. घोडीवर कानस चालवून तिला असा सूक्ष्म उतार देतात की तार तिला हलकेच चाटत राहावी. एका जागी कानस अधिक लागली, तर तेवढीच जागा भरून भागत नाही. सगळा पृष्ठभाग पुन्हा तितकाच उतरवावा लागतो. एका ठिकाणची चूक साऱ्या घोडीला सोसावी लागते. आणि घोडीची उंची काही अमर्याद नसते, हे कारागीर जाणून असतो.

श्रोतेहो, पंचवटीत हे सांगण्याला एक कारण आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पुढे मुंबईत त्यांनी मोठी वास्तू उभारली, ती कर्जापायी लिलावात गेली. त्यानंतर ते या पंचवटीत, रामनाम आधार आश्रमात राहिले. १९३१ साली त्यांनी देह ठेवला, तो त्याच मिरजेत. गेलेली वास्तू परत आली नाही. परंतु त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापून तेच कार्य पुढे चालविले. ठोकळा त्याच फळीचा होता, रेषाही त्याच दिशेच्या होत्या.

आज तयार वाद्य विकत मिळते आणि बिघडले की टाकून दुसरे आणता येते. अशाने वाद्ये कमी पडणार नाहीत. कमी पडतील ते वाद्य सांधणारे हात. आणि हे हात गेले, तर नवे घडविणारे तरी कोठून येणार? मिरजेचा आणि कॅलिफोर्नियाचा इतिहास सांगतो की ते सांधणाऱ्यांतूनच आले. तेव्हा घरातील तंबोरा तडकला असेल, तर तो अडगळीत टाकू नका. तो एखाद्या कारागिराकडे न्या, आणि न्याल तेव्हा घरातील मुलालाही बरोबर न्या. मोडलेले कसे जोडतात, हे त्याला शेजारी बसून पाहू द्या.