मुनीमजींच्या शेजारची जागा

कारंज्याच्या कापूस बाजाराचं नाव शेतमाल पणनाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडतं. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार इथे सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं, कारभार मात्र १८५३ च्या तहापासून इंग्रजांच्या हाती. मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख कापूस रास्त भावात हवा होता. त्यासाठी तोल, भाव, अडत, हमाली हे सगळं ठरीव असायला हवं आणि ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं. १८९७ मध्ये त्याला वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजार कायद्याची जोड मिळाली. आज वाशिम जिल्ह्यात मोडणाऱ्या या गावात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला केवढं मोल आलं असेल, हे त्यावरून कळावं.

तो माणूस तयार व्हायचा पेढीवरच. दहा-बारा वर्षांचा पोरगा दिवाणजी किंवा मुनीमजींच्या शेजारी बसायचा. आधी दौत भरायची, बोरू तासायचा, उधारीच्या निरोपासाठी गावभर फिरायचं. पाढे त्याला पंतोजींकडून आलेले असत, आणि ते नुसते दोनाचे-तीनाचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असल्याखेरीज गाडीभर कापसाचे पैसे उभ्या उभ्या सांगता येत नसत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, आणि वजन मण-शेरांत. १९५७ साली दशमान नाणी येईपर्यंत हेच गणित चालू होतं.

मग वही. उभी शिवलेली, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. तिच्यात रेघा आखलेल्या नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडायचे, तेच रकाने. वर ‘श्री’, त्याखाली आदल्या दिवसाची श्री शिल्लक, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसाची कच्ची नोंद, मग रोजकीर्द, रोजकीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज. मराठी दप्तराचं अक्षर मोडी, मारवाडी आणि गुजराती पेढ्यांची आपापली वळणं. कीर्दीवर हात बसायला वर्षं लागत. तोवर पोराला मिळायचं ते दोन वेळचं जेवण, सणाला कापड आणि फार तर थोडी बिदागी. शिकवायला म्हणून कुणी वेगळा वेळ काढत नसे. मुनीमजी लिहीत, पोरगा बघे. शिल्लक जुळली नाही की दोघंही दिवा लावून बसत आणि चूक सापडेतो उठत नसत. खरं शिक्षण त्या बैठकीत होई.

पण त्या बैठकीवर कोण बसू शकत होतं? गावचा हिशेब कुलकर्ण्याचा, परगण्याचा देशपांड्याचा, तोही वतनानं. मुलगा बापाच्या मांडीवर बसून शिकायचा. पेढीवर जागा मिळायची ती शेठजींच्या नात्यातल्या किंवा ओळखीतल्या मुलाला. ज्याच्या कापसाचा तोल लिहिला जायचा, त्या कुणब्याच्या किंवा बंजाऱ्याच्या पोराला वहीत काय लिहिलंय ते वाचताही येत नसे. मोडीचं आणि पेढीच्या शिस्तीचं कौतुक जरूर करावं, पण ती विद्या घराघरांत कोंडलेली होती, हेही त्याच श्वासात सांगितलं पाहिजे.

कोंडी फुटली ती करामुळे आणि कंपनी कायद्यामुळे. ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला आयकर २४ जुलै १८६० रोजी जेम्स विल्सन यांनी आणला. पुढे १८८६ च्या कायद्यानं शेतीचं उत्पन्न करातून वगळलं. १९१३ च्या कंपनी कायद्यानं लेखापरीक्षणासाठी प्रमाणपत्र आवश्यक केलं. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं आणि १९१८ पासून मुंबई सरकारची जी.डी.ए. ही लेखाशास्त्राची पदविका सुरू झाली: परीक्षा आणि मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाच्या हाताखाली उमेदवारी. नात्यागोत्याऐवजी परीक्षा पाहणारं हे पहिलं दार. १९३३ साली मद्रासच्या आर. शिवभोगम या पदविकेची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. स्त्रियांना त्या बैठकीवर जागा नाही, हा समज तिथे मोडला. वऱ्हाडातल्या मुलाला मात्र त्यासाठी कारंज्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून थेट मुंबई गाठावी लागे. ज्याच्या घरी मुंबईचा खर्च झेपत होता, तोच जाई.

करांच्या इतिहासात या मुलखाचं आणखी एक मोठं पान आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनं १९३८ साली पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. केंद्र सरकारनं हरकत घेतली: हे तर उत्पादन शुल्क, ते आमच्या अखत्यारीतलं. वाद नव्यानंच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेला आणि सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायपीठानं कौल प्रांताच्या बाजूनं दिला. विक्रीवर कर लावायचा प्रांतांचा अधिकार असा पक्का झाला. १९४७ साली याच प्रांताचा सर्वसाधारण विक्रीकर कायदा आला. आता दुकानदाराला नुसती शिल्लक जुळवून भागेना, विवरणपत्र भरावं लागू लागलं. मुनीमजींच्या बरोबरीनं गावात विक्रीकराचा वकील आला, आणि त्याच्याकडे कागद घेऊन जाणारा पोरगाही.

१ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा अमलात आला आणि उमेदवारीला देशभर एकच साचा मिळाला. तरीही सनदी लेखापालाचं काम बराच काळ कंपन्यांभोवती, म्हणजे मोठ्या शहरांतच फिरत राहिलं. वाशिमसारख्या गावांना त्याची खरी गरज भासली ती १९८४ च्या वित्त कायद्यामुळे: वर्षाची उलाढाल चाळीस लाखांवर गेली की व्यापाऱ्याला तेव्हा लेखापरीक्षण सक्तीचं झालं.

अडत्यांची धांदल उडाली. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या हातून विकला जातो. मग चाळीस लाखांत मालाची सगळी किंमत धरायची की नुसती अडत? १७ मार्च १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४५२ नं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं खुलासा केला. कच्चा अडत्या, म्हणजे केवळ शेतकऱ्याचा प्रतिनिधी, त्याची उलाढाल फक्त अडत. पक्का अडत्या स्वतःच्या नावावर व्यवहार करतो, त्याची उलाढाल विक्रीची पूर्ण रक्कम. कारंज्याच्या बाजाराला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. वाशिम, रिसोड, मंगरूळपीरच्या बाजार समित्यांत आज कापसापेक्षा सोयाबीन आणि तूर अधिक दिसते, पण नव्या आर्टिकलला, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालच्या उमेदवाराला, हिशोबपट्टी हातात देऊन पहिल्यांदा विचारावा असा प्रश्न अजून हाच आहे. पट्टीवर मालाची किंमत, खाली हमाली, तोलाई, शेवटी शेतकऱ्याला दिलेली रक्कम. हा कागद कोणाच्या खात्यात कोणत्या बाजूला जातो, हे ज्याला उमगलं त्याला धंदा कळला. जुन्या खतावणीत जमा डावीकडे, इंग्रजी खातेवहीत ती उजवीकडे. बाजू पालटल्या, प्रश्न तोच राहिला.

शेतीच्या उत्पन्नाचंही तसंच. ते करमुक्त, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. पण शिक्षकाला किंवा डॉक्टराला पगार-व्यवसायासोबत पाच हजारांवर शेतीचं उत्पन्न असेल, तर कराचा दर ठरवताना ते मिळवायचं, हा १९७३ पासूनचा नियम पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही. दहा शिक्षकांची विवरणपत्रं भरली की राहतो. नागपूर-पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये आर्टिकलला वर्षभर एकाच बँकेची तपासणी किंवा एकाच कंपनीचा जीएसटी मिळू शकतो. गावातल्या कार्यालयात पतसंस्था, जिनिंग, कृषी केंद्र, मेडिकल आणि अडत एकाच आठवड्यात समोर येतात. गावातली उमेदवारी म्हणजे दुय्यम उमेदवारी, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

अन्याय आहे तो पैशांत. आर्टिकलचं किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. चार लाखांच्या आतलं गाव सगळ्यांत खालच्या पायरीवर, आणि वाशिम शहर तर लाखाच्याही आतलं. काम तेवढंच, परीक्षा तीच, पेपर तेच. कुणब्याच्या, बंजाऱ्याच्या मुलामुलींना आता कुणी अडवत नाही, पण घरून पैसे येण्याऐवजी घरी पैसे पाठवायची ज्यांच्यावर वेळ आहे, त्यांना ही वर्षं काढणं कठीणच. २०२३ पासून उमेदवारीचा काळ तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आणि विद्यावेतनही वाढलं. त्यानं थोडा श्वास मिळाला. काम मात्र दोन वर्षांत तितकंच मुरेल का, ही शंका रास्त आहे.

त्यातच १ एप्रिल २०२६ पासूनचा आयकर अधिनियम २०२५. १९६१ च्या कायद्यातली मागील वर्ष आणि कर निर्धारण वर्ष ही जोडी जाऊन एकच कर वर्ष आलं, कलमं ५३६ वर आली, सर्वांच्या तोंडी बसलेलं ८०सी आता कलम १२३ झालं, पगार सोडून बाकी टीडीएसची पसरलेली कलमं ३९३ मध्ये एकत्र आली. जुन्या वर्षांची प्रकरणं मात्र जुन्याच कायद्यानं चालणार. त्यामुळे नव्यानं बसणाऱ्या आर्टिकलला दोन्ही कायदे शिकायचे आहेत आणि वीस वर्षं व्यवसाय केलेल्या सीएलाही कलम शोधायला तक्ता उघडावा लागतो. जुन्या-नव्या कलमांचा तो तक्ता तयार करण्याचं काम बहुतेक कार्यालयांत आर्टिकलकडेच येतं.