पेट्रोल व डिझेल मोटारींमधील निवड (भारत)

पेट्रोल व डिझेल मोटारींमधील निवड हा भारतातील खासगी मोटारखरेदीतील एक महत्त्वाचा आर्थिक निर्णय आहे. समान आकाराच्या व सुविधांच्या पेट्रोल मोटारीपेक्षा डिझेल मोटारीची किंमत सहसा जास्त असते; मात्र तिचा प्रति किलोमीटर इंधनखर्च कमी असतो. त्यामुळे खरेदीच्या वेळी दिलेली जादा रक्कम किती अंतर धावल्यानंतर भरून निघते, हा या निर्णयातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो. मोटारीचा वापर, स्थानिक कर, उत्सर्जनविषयक नियम व पुनर्विक्रीचे मूल्य यांचाही त्यावर परिणाम होतो.

इ.स. २०१० नंतरच्या दीड दशकात भारतात या प्रश्नाचे उत्तर बरेच बदलले. हा बदल घडवण्यात इंजिनाच्या तंत्रापेक्षा इंधनाच्या दरांविषयीचे सरकारी धोरण, उत्सर्जन मानके आणि वाहनांच्या वयावरील निर्बंध यांचा वाटा मोठा होता.

## तांत्रिक फरक

पेट्रोल इंजिन हे जर्मन अभियंता निकोलाउस ऑटो याने इ.स. १८७६ मध्ये बनवलेल्या चार धावांच्या इंजिनाच्या तत्त्वावर चालते. त्यात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. रुडोल्फ डिझेल याचे पहिले यशस्वी इंजिन इ.स. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे तयार झाले. डिझेल इंजिनात केवळ हवा दाबली जाते. या दाबामुळे ती इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेट घेते.

डिझेल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जास्त असल्याने इंधनातील ऊर्जेचा मोठा भाग उपयोगी कार्यात रूपांतरित होतो. शिवाय डिझेल घनतेने जड असल्यामुळे एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा असते. या दोन्ही कारणांनी डिझेल मोटार प्रति लिटर जास्त अंतर कापते. बोलीभाषेत यालाच 'ॲव्हरेज' किंवा 'मायलेज' जास्त असणे म्हणतात. कमी फेऱ्यांवरच भरपूर पीळबल मिळत असल्याने घाट चढताना, गाडी भरलेली असताना किंवा दीर्घ प्रवासात डिझेल इंजिनावर ताण कमी जाणवतो.

याची दुसरी बाजू खर्चाची आहे. उच्च दाब सहन करण्यासाठी इंजिनाचे भाग मजबूत व जड करावे लागतात. टर्बोचार्जर, उच्च दाबाची इंधन फवारणी यंत्रणा व धुरावर प्रक्रिया करणारी उपकरणे यांमुळे उत्पादनखर्च आणखी वाढतो. आवाज व कंपनेही पेट्रोल इंजिनापेक्षा सहसा अधिक असतात. इ.स. १९९७ पासून मोटारींत वापरात आलेल्या 'कॉमन रेल' पद्धतीने हे दोष बरेच कमी झाले.

## भारतातील पार्श्वभूमी

### स्वस्त डिझेलचा काळ

मालवाहू ट्रक, एस.टी. बस, शेतीपंप, ट्रॅक्टर व मासेमारी नौका डिझेलवर चालत असल्याने भारतात डिझेलचा दर दीर्घकाळ सरकारी नियंत्रणाखाली कमी ठेवण्यात आला होता. मालवाहतूक व शेतीसाठी असलेल्या या सवलतीचा लाभ खासगी डिझेल मोटारींच्या मालकांनाही मिळत गेला.

टाटा समूहाच्या मोटार कंपनीने इ.स. १९९८ मध्ये पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यात तयार होणारी इंडिका ही मोटार बाजारात आणली. तिच्या डिझेल आवृत्तीमुळे लहान डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या व टॅक्सीचालकांच्या आवाक्यात आली. पुढे फियाट कंपनीचे १.३ लिटर 'मल्टिजेट' इंजिन मारुती सुझुकी, टाटा व फियाट या तिन्ही कंपन्यांच्या मोटारींत वापरले गेले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही त्याचे उत्पादन होत असे. इतक्या मोटारींत ते वापरले गेल्यामुळे त्याला गमतीने 'राष्ट्रीय डिझेल इंजिन' असे म्हटले जाई.

जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, परंतु डिझेलवरील नियंत्रण कायम राहिले. परिणामी दोन्ही दरांतील अंतर वाढत गेले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल प्रति लिटर सुमारे ७३ रुपये, तर डिझेल सुमारे ४१ रुपये होते. या सुमारास नव्याने विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत डिझेल वाहनांचा वाटा निम्म्याहून अधिक झाला.

### दरनियंत्रणाचा शेवट

जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर दरमहा थोडा थोडा वाढवण्यास तेल कंपन्यांना मुभा देण्यात आली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि १६ जून २०१७ पासून दोन्ही इंधनांचे दर देशभर दररोज ठरवले जाऊ लागले. २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेलचा दर प्रथमच पेट्रोलच्या वर गेला. त्या वेळी दोन्ही दर ८० रुपयांच्या जवळपास होते. जुलै २०२० च्या अखेरीस दिल्ली सरकारने डिझेलवरील मूल्यवर्धित कर ३० टक्क्यांवरून १६.७५ टक्क्यांवर आणल्यानंतर डिझेल पुन्हा स्वस्त झाले. मुंबईत इ.स. २०२४ च्या उत्तरार्धात पेट्रोल सुमारे १०३ रुपये, तर डिझेल सुमारे ९० रुपये प्रति लिटर होते.

### उत्सर्जन मानके

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली. पाचवा टप्पा वगळून चौथ्यावरून थेट सहाव्या टप्प्यावर जाण्याचा निर्णय घेण्यात आला होता. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा प्रति किलोमीटर २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर, तर सूक्ष्म कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. पेट्रोल मोटारींच्या तुलनेत डिझेल मोटारींत हे बदल करणे अधिक खर्चिक होते. मारुती सुझुकीने एप्रिल २०१९ मध्येच डिझेल मोटारींची विक्री थांबवण्याचे जाहीर केले. एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन मोजण्याचा नियम लागू झाल्यावर आणखी काही लहान डिझेल मोटारी बाजारातून गेल्या. त्यानंतर डिझेलचा पर्याय मुख्यतः मोठ्या मोटारींत व एसयूव्ही प्रकारात उरला.

## खर्चाचे गणित

जादा रक्कम भरून निघण्यासाठी लागणारे अंतर पुढील सूत्राने काढता येते:

*अंतर = दोन मोटारींच्या एकूण किमतींतील फरक ÷ प्रति किलोमीटर इंधनखर्चातील फरक*

प्रति किलोमीटर इंधनखर्च म्हणजे इंधनाचा प्रति लिटर दर भागिले एका लिटरमध्ये कापलेले अंतर.

उदाहरणादाखल, पेट्रोल मोटारीची किंमत ११ लाख रुपये व डिझेल मोटारीची १२ लाख ३० हजार रुपये आहे असे मानू. महाराष्ट्रात १० ते २० लाख रुपये किमतीच्या वैयक्तिक मोटारींवर एकरकमी वाहनकर पेट्रोलसाठी १२ टक्के, तर डिझेलसाठी १४ टक्के आहे. त्यामुळे करातही सुमारे ४०,००० रुपयांचा फरक पडतो आणि एकूण फरक सुमारे १,७०,००० रुपये होतो. पेट्रोल मोटार लिटरमागे १७ कि.मी. व डिझेल मोटार २२ कि.मी. धावते असे धरल्यास वेगवेगळ्या इंधनदरांना पुढीलप्रमाणे उत्तरे मिळतात. किमतीतील फरक तिन्ही ओळींत मुद्दाम सारखाच ठेवला आहे.

| इंधनदरांची स्थिती | पेट्रोल (रु./लि.) | डिझेल (रु./लि.) | प्रति कि.मी. बचत (रु.) | भरपाईचे अंतर (कि.मी.) |
|---|---|---|---|---|
| दिल्ली, मे २०१२ | ७३ | ४१ | २.४३ | सुमारे ७०,००० |
| दिल्ली, जून २०२० | ८० | ८० | १.०७ | सुमारे १,५९,००० |
| मुंबई, २०२४ चा उत्तरार्ध | १०३ | ९० | १.९७ | सुमारे ८६,००० |

मुंबईच्या दरांनुसार वर्षाला २५,००० कि.मी. धावणाऱ्या मोटारीची जादा किंमत साडेतीन वर्षांत वसूल होते. वर्षाला ८,००० कि.मी. धावणाऱ्या मोटारीला त्यासाठी जवळपास अकरा वर्षे लागतात.

या गणितात व्याज धरलेले नाही. जादा १,७०,००० रुपये वार्षिक ९ टक्के दराने कर्जाऊ घेतले असे मानल्यास पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे १५,३०० रुपये होते. वर्षाला ८,००० कि.मी. वापरावरील इंधनबचत सुमारे १५,७०० रुपये असते. म्हणजेच कमी वापर असणाऱ्या कुटुंबाची सुरुवातीच्या काळातील जवळजवळ सर्व बचत व्याजातच जाते. विम्याचा हप्ता व देखभालीचा खर्च यांतील फरक जमेस धरल्यास भरपाईचे अंतर आणखी वाढते. उलटपक्षी पुनर्विक्रीच्या वेळी डिझेल मोटारीला जादा किंमत मिळाल्यास ते कमी होते.

कंपनीने जाहीर केलेले मायलेज प्रमाणित चाचणीत मोजलेले असते. वाहतूककोंडीत प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी येतो, म्हणून वरील सूत्रात प्रत्यक्ष वापरातील आकडे घेणे अधिक योग्य ठरते.

### वापरातील पेट्रोल मोटार बदलणे

चालू स्थितीतील पेट्रोल मोटार विकून केवळ इंधनबचतीसाठी डिझेल मोटार घेणे हा वेगळा प्रश्न आहे. मोटार तशीही बदलायची असेल, तर दोन नव्या मोटारींच्या किमतींतील फरकच विचारात घ्यावा लागतो. जुनी मोटार आणखी काही वर्षे चालणार असेल, तर मात्र नव्या मोटारीच्या संपूर्ण किमतीतून जुन्या मोटारीचे विक्रीमूल्य वजा करून उरणारी रक्कम धरावी लागते. ही रक्कम अनेक लाखांत जात असल्याने ती केवळ इंधनबचतीतून भरून निघणे सामान्य वापरात अवघड असते. जुन्या मोटारीवर पूर्वी झालेला खर्च या तुलनेत धरला जात नाही; कारण कोणताही पर्याय निवडला तरी तो परत मिळत नाही.

## वापराचे स्वरूप

भारत स्टेज ६ डिझेल मोटारींत काजळीचे कण अडवणारी गाळणी असते. तिला 'डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर' किंवा संक्षेपाने डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी उच्च तापमानात जाळून ही गाळणी वेळोवेळी स्वच्छ होते. त्यासाठी मोटार काही काळ सलग व पुरेशा वेगाने चालावी लागते. रोज दोन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या झाल्यास ही प्रक्रिया अपुरी राहून गाळणी तुंबू शकते आणि ती स्वच्छ करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च मोठा असतो. काही मोटारींत नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाचे द्रावणही वेगळ्या टाकीत भरावे लागते.

म्हणून केवळ वार्षिक अंतर पाहणे पुरेसे नसते. महामार्गावरून नियमित दीर्घ प्रवास करणाऱ्यास डिझेल मोटार सोयीची ठरते. तेवढेच वार्षिक अंतर शहरातील छोट्या फेऱ्यांत कापणाऱ्यास ती तितकी सोयीची नसते.

पेट्रोलच्या बाजूनेही एक बदल झाला आहे. भारतात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल वितरित होऊ लागले आहे. इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे अशा मिश्रणातील ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्क्यांनी कमी भरते. मायलेजमधील प्रत्यक्ष घट इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते.

## वाहनाच्या वयावरील निर्बंध

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथे दहा वर्षांहून जुनी डिझेल व पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने चालवण्यास बंदी घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश त्याच न्यायालयाने दिला.

या निर्बंधांचा खर्चाच्या गणिताशी थेट संबंध आहे. वरील उदाहरणात कमी वापराच्या मोटारीला भरपाईसाठी जवळपास अकरा वर्षे लागतात. दहा वर्षांची मर्यादा लागू असल्यास ती भरपाई होण्यापूर्वीच मोटारीचा त्या भागातील उपयोग संपतो. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते.

## आरोग्य व पर्यावरण

एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलोग्रॅम, तर एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तथापि जास्त मायलेजमुळे प्रति किलोमीटर उत्सर्जन डिझेल मोटारीचे कमी असते. वरील उदाहरणातील मोटारींसाठी ते अनुक्रमे सुमारे १२० व १३५ ग्रॅम येते.

स्थानिक हवेच्या दृष्टीने चित्र वेगळे आहे. जुन्या डिझेल इंजिनांतून सूक्ष्म कण व नायट्रोजन ऑक्साइड अधिक प्रमाणात बाहेर पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने चाचणीच्या वेळीच उत्सर्जन कमी दाखवणारी संगणकप्रणाली डिझेल मोटारींत बसवल्याचे उघड झाले. त्यानंतर डिझेल मोटारींविषयीचे धोरण अनेक देशांत कठोर झाले.

## इतर पर्याय

इंधनबचतीसाठी पूर्वी केवळ डिझेलकडे पाहिले जाई. आता सीएनजी, हायब्रिड व विद्युत मोटारी हेही पर्याय उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात सीएनजी मोटारींवरील वाहनकर पेट्रोल व डिझेल या दोहोंपेक्षा कमी आहे. भरपाईचे अंतर काढण्याची वरील पद्धत या पर्यायांनाही लागू पडते. मात्र सीएनजी पंप व चार्जिंग केंद्रांची उपलब्धता, सामान ठेवण्याची जागा आणि एका भरण्यात कापता येणारे अंतर यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

## हे सुद्धा पहा

* डिझेल इंजिन
* अंतर्ज्वलन इंजिन
* भारत स्टेज उत्सर्जन मानके
* विद्युत वाहन