पिंपरीची प्रतिजैविके आणि पिकांच्या रोगांची नावे

औषधाचा इतिहास सामान्यतः प्रयोगांच्या नोंदींवरून लिहिला जातो. परंतु औषधाच्या आणि रोगाच्या नावांतही त्या इतिहासाचा काही अंश साठविलेला असतो. पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातून शेतीसाठी बाहेर पडलेल्या द्रव्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने प्रत्ययास येते.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हा कारखाना स्थापन झाला आणि १९५५ साली तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. माणसांसाठी औषधे निर्माण करणे हा त्याचा मूळ हेतू होय. तथापि डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मातीतील सूक्ष्मजीवांचाही शोध आरंभिला. त्यातून १९६१ साली 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक पुढे आले. ते देणारा सूक्ष्मजीव पिंपरीच्याच मातीतला. म्हणून त्याला 'स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना' हे नाव मिळाले. १९६४ साली 'ऑरिओफंजिन' प्रसिद्धीस आले. लॅटिन भाषेत 'ऑरिअस' म्हणजे सोनेरी व 'फंगस' म्हणजे बुरशी. हे द्रव्य द्राक्षावरील केवडा व भुरी आणि लिंबूवर्गीय झाडांवरील डिंक्या यांसाठी वापरात आले.

काचेच्या बशीत बुरशीची वाढ थांबली म्हणजे परीक्षा संपली, असे मात्र नव्हे. या वर्गातील द्रव्ये पाण्यात सहज विरघळत नाहीत आणि सूर्यप्रकाशात त्यांचा जोर ओसरतो. म्हणूनच पाण्यात विरघळणारे 'ऑरिओफंजिन-सोल' तयार करावे लागले.

याहून मोठी अडचण भाषेची होती. शेतकरी रोगाला नाव देतो ते दिसणाऱ्या लक्षणावरून : भुरी, डिंक्या, तेल्या, करपा. प्रयोगशाळा पाहते ती कारणाकडे. भातावरील करपा बुरशीमुळे होतो, तर कडा करपा जिवाणूमुळे. शेतकऱ्याच्या बोलण्यात मात्र दोन्ही 'करपा'च. ऑरिओफंजिन जिवाणूवर चालत नाही आणि जिवाणूनाशक बुरशीवर चालत नाही. त्यामुळे नावाच्या एका संदिग्धतेपायी फवारणी व्यर्थ जाऊ शकते.

पिंपरीचे दुसरे द्रव्य 'स्ट्रेप्टोसायक्लिन'. स्ट्रेप्टोमायसिन नऊ भाग व टेट्रासायक्लिन एक भाग, असे हे मिश्रण असून दोन्ही घटकांचे तुकडे त्याच्या नावात जोडलेले आहेत. लिंबावरील खैऱ्या व डाळिंबावरील तेल्या यांवर महाराष्ट्रात त्याचा पुष्कळ वापर झाला. परंतु १९४४ साली जगापुढे आलेले स्ट्रेप्टोमायसिन हेच क्षयावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक. शेतात ते वारंवार फवारल्यास त्याला न जुमानणारे जिवाणू वाढतात, आणि ती हानी शेताच्या बांधापाशी थांबत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतील या दोन्ही प्रतिजैविकांच्या बंदीच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला, तो याच भीतीने.

ऑरिओफंजिनच्या नावाने आपले कार्य सांगितले. स्ट्रेप्टोसायक्लिनच्या नावाने आपले कूळ सांगितले. ते कूळ रुग्णालयातले आहे, हे नावातच लिहिलेले होते. पीकरक्षक द्रव्याची परीक्षा केवळ रोग हटला की नाही एवढ्यावर करणे अपुरे आहे; तेच द्रव्य आणखी कोणाच्या प्राणरक्षणास लागते, हाही त्या परीक्षेचाच प्रश्न होय.